सिस आधी वितळते, पण नंतर उकळते: अल्किनांचा आकार, द्रवणांक आणि उत्कलनांक

अल्किने म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेली हायड्रोकार्बने. दुहेरी बंधाच्या दोन टोकांचे गट एकाच बाजूला असले तर रूप सिस, विरुद्ध बाजूंना असले तर ट्रान्स. प्रश्न थोडक्यात असा: सिस-२-ब्युटीन ३.७ °से ला उकळते आणि ट्रान्स-२-ब्युटीन ०.९ °से ला. यावरून सिसच्या रेणूंमधले आकर्षण जास्त, असे दिसते. पण वितळताना क्रम उलटतो. सिस −१३८.९ °से ला वितळते, तर ट्रान्स −१०५.५ °से पर्यंत घन राहते. अणू तेच, बंध तेच, रेणुभार तोच. मग ज्याचे आकर्षण जास्त, तेच आधी वितळते कसे?

बहुतेक वेळा घोळ होतो तो दोन्ही अंकांना एकच कारण लावल्यामुळे. उकळताना रेणू द्रवातून सुटून वायूत जातो. द्रवात रेणू कसेही वळलेले असतात, सतत फिरत असतात, त्यामुळे तिथे हिशेब सरासरी आकर्षणाचा होतो. वितळताना रेणू स्फटिकातून सुटतो. स्फटिकात त्याला एका ठरावीक मांडणीत, शेजाऱ्याला अंग लावून बसायचे असते. द्रवात चांगला जमणारा आकार स्फटिकात चांगला बसेलच असे नाही. २-ब्युटीनच्या जोडीत नेमके हेच होते.

आकाराबद्दल आधी दोन गोष्टी. दुहेरी बंधाचे दोन्ही कार्बन आणि त्यांना थेट जोडलेले चार अणू, असे सहा अणू एका प्रतलात असतात आणि कोन १२० अंशांच्या आसपास असतात. इथीनमध्ये हायड्रोजन-कार्बन-हायड्रोजन कोन सुमारे ११७ अंश आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दुहेरी बंधाभोवती फिरायला सुमारे २७० किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा लागते. इथेनमधल्या एकेरी बंधाला सुमारे १२ पुरतात. म्हणून सिस आणि ट्रान्स ही खरोखर वेगळी संयुगे आहेत, बाटलीत वेगळी राहतात आणि त्यांचे अंक वेगवेगळे मोजता येतात.

उत्कलनांक: आधी आकारमान, मग बाकीचे

साध्या अल्किनांत रेणूंना एकत्र धरणारे बल मुख्यतः लंडन बल असते, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक सरकण्यातून येणारे क्षीण आकर्षण. इलेक्ट्रॉन जास्त आणि स्पर्शाचा पृष्ठभाग मोठा, तर बल जास्त. इथीन −१०३.७, प्रोपीन −४७.६, १-ब्युटीन −६.३, १-पेंटीन ३०.०, १-हेक्झीन ६३.५, १-हेप्टीन ९३.६ °से. एकेका कार्बनने पडणारी वाढ ५६ अंशांवरून ३० अंशांपर्यंत कमी होत जाते. "दर कार्बनला २० ते ३० अंश" हा ठोकताळा लहान रेणूंना लागू पडत नाही, हे यातून लक्षात घ्यावे. आकाराचे सगळे परिणाम या मोठ्या वाढीच्या आत बसतात. वेगवेगळ्या कार्बनसंख्येच्या रेणूंची तुलना करताना भूमितीकडे जाऊच नये.

तेवढ्याच कार्बनच्या अल्केनशी तुलना केली तर टोकाला दुहेरी बंध असलेले अल्कीन थोडे आधी उकळते. प्रोपेन −४२.१ आणि प्रोपीन −४७.६, ब्युटेन −०.५ आणि १-ब्युटीन −६.३. दोन हायड्रोजन कमी, म्हणून इलेक्ट्रॉनही कमी. पण दुहेरी बंध मध्ये सरकवला की हा फरक मिटतो किंवा उलटतो. सिस-२-ब्युटीन ब्युटेनपेक्षा चार अंशांनी वर उकळते.

आता सिस आणि ट्रान्स. पाठ्यपुस्तकातले उत्तर द्विध्रुव आघूर्णाचे असते (रेणूतला विद्युतभार दोन बाजूंना किती विभागला आहे त्याचे माप, एकक डिबाय). मिथिल गट दुहेरी बंधाच्या कार्बनकडे किंचित इलेक्ट्रॉन ढकलतो. ट्रान्समध्ये असे दोन ढकल समोरासमोर येऊन एकमेकांना रद्द करतात, सिसमध्ये एकाच बाजूला असल्याने त्यांची बेरीज होते. सिस-२-ब्युटीनचे आघूर्ण सुमारे ०.२५ डिबाय भरते, ट्रान्सचे शून्य. म्हणून सिस वर उकळते.

हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. कारण ब्युटीनचे उरलेले दोन समघटक (तेच अणू, वेगळी जोडणी), म्हणजे १-ब्युटीन आणि आयसोब्युटीन, त्याला दाद देत नाहीत. आयसोब्युटीनचे आघूर्ण सुमारे ०.५ डिबाय आहे, म्हणजे सिस-२-ब्युटीनच्या दुप्पट. तरी चौघांत सर्वांत आधी, −६.९ °से ला, तेच उकळते. शून्य आघूर्णाचे ट्रान्स-२-ब्युटीन त्याच्यापेक्षा जवळजवळ आठ अंश वर आहे. आघूर्ण हेच मुख्य कारण असते, तर हा क्रम शक्यच नव्हता.

चौघांची द्रवघनता बघितली की चित्र सुधारते. २५ °से ला, स्वतःच्या बाष्पदाबाखाली, आकडे (ग्रॅम प्रति घन सेंमी) असे आहेत: सिस-२-ब्युटीन ०.६१६, ट्रान्स-२-ब्युटीन ०.५९९, आयसोब्युटीन ०.५८९, १-ब्युटीन ०.५८८. रेणुभार चौघांचा सारखाच, म्हणजे घनता जास्त तिथे रेणू सरासरीने जास्त जवळ. लंडन बल अंतर वाढले की फार झपाट्याने घटते, त्यामुळे घनतेतला दोन-तीन टक्क्यांचा फरकही उत्कलनांकात दिसतो. शेवटचे दोन जवळजवळ बरोबरीत आहेत आणि त्यांचे उत्कलनांकही ०.६ अंशाच्या आतच आहेत. हायड्रोकार्बनमध्ये आघूर्णापेक्षा घनतेवर जास्त विश्वास ठेवावा.

हॅलोजन आले की मात्र आघूर्णाचा जोर खरा असतो. सिस-१,२-डायक्लोरोइथीनचे आघूर्ण १.९ डिबाय, उत्कलनांक ६०.३ °से. ट्रान्सचे आघूर्ण शून्य, उत्कलनांक ४७.७ °से. फरक १२.६ अंशांचा. क्लोरीनच्या जागी ब्रोमीन घेतले तर तो साधारण साडेचार अंशांवर येतो (सिस सुमारे ११२.५, ट्रान्स सुमारे १०८), कारण ब्रोमीनचा बंध कमी ध्रुवीय आहे आणि अणू मोठा असल्याने लंडन बलाचा वाटा वाढतो. तो वाटा दोन्ही समघटकांत जवळपास सारखाच असतो.

परीक्षेत आणि प्रयोगशाळेत, दोन्हीकडे फसवणारे एक उदाहरण मुद्दाम देतो: १-क्लोरोप्रोपीन. इथे सिस ३२.८ °से ला उकळते आणि ट्रान्स ३७.४ °से ला. उलटा क्रम! कारण सोपे आहे. क्लोरीन इलेक्ट्रॉन ओढतो, मिथिल ढकलतो. दोघे विरुद्ध बाजूंना असले की ढकल आणि ओढ एकाच दिशेने लागतात आणि आघूर्ण वाढते. ट्रान्सचे सुमारे २ डिबाय, सिसचे सुमारे १.७. "सिस म्हणजे जास्त ध्रुवीय" हे वाक्य फक्त दोन्ही गट एकाच स्वभावाचे असताना खरे असते. दोन गट वेगळे दिसले की बाण काढून बेरीज करावी, नावावरून निष्कर्ष काढू नये.

साखळी लांबली की सिस-ट्रान्समधला उत्कलनांकाचा फरक विरतो. २-पेंटीनमध्ये सिस ३६.९, ट्रान्स ३६.३. २-हेक्झीनमध्ये ६८.९ आणि ६७.९. ३-हेक्झीनमध्ये सिस ६६.४ आणि ट्रान्स ६७.१, म्हणजे क्रमच फिरला. "सिस नेहमी वर उकळते" हा नियम नव्हेच, तो लहान रेणूंमधला कल आहे. एका अंशाच्या आतल्या फरकाला कारण शोधण्यात अर्थ नाही.

शाखांबद्दल "शाखा आली की उत्कलनांक घटतो" हे अल्केनांवरून शिकलेले वाक्य अल्किनांत अर्धेच चालते. शाखा कुठे आहे ते पाहावे लागते. सहा कार्बनचे ३,३-डायमिथिल-१-ब्युटीन ४१.२ °से ला उकळते, १-हेक्झीनपेक्षा २२ अंश खाली. तिथे मिथिल गट संतृप्त कार्बनवर गोळा होऊन रेणू गोलसर झाला आहे. पण २,३-डायमिथिल-२-ब्युटीन ७३.३ °से ला उकळते, १-हेक्झीनपेक्षा दहा अंश वर. त्याचे चारही मिथिल दुहेरी बंधाच्या कार्बनांवर आहेत, म्हणजे सहाच्या सहा कार्बन एका प्रतलात येतात. चपटे रेणू एकमेकांजवळ सरकू शकतात. २० °से ला त्याची घनता ०.७०८ आणि १-हेक्झीनची ०.६७३. पेंटीनांतही २-मिथिल-२-ब्युटीन (३८.६) सर्वांत वर आणि ३-मिथिल-१-ब्युटीन (२०.१) सर्वांत खाली आहे. शाखा दुहेरी बंधावर असेल तर उत्कलनांक वाढवते, बाजूच्या संतृप्त कार्बनवर असेल तर घटवते, असे लक्षात ठेवले तर फारसे चुकत नाही.

द्रवणांक: इथे मांडणी बोलते

द्रवणांक म्हणजे वितळण्याची एन्थाल्पी (वितळायला लागणारी उष्णता) भागिले वितळण्याची एन्ट्रॉपी (वितळताना वाढणारी अव्यवस्था), तापमान केल्विनमध्ये. उत्कलनांकालाही हेच सूत्र लागते, पण तिथे छेद जवळजवळ स्थिर असतो. दोन्ही २-ब्युटीनांची बाष्पीभवनाची एन्ट्रॉपी ८३-८४ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन येते, म्हणून केवळ आकर्षणाकडे पाहून उत्तर मिळते. वितळताना अंश आणि छेद दोन्ही आकाराप्रमाणे हलतात. ब्युटीनांचे मोजलेले आकडे असे:

ट्रान्स-२-ब्युटीन: एन्थाल्पी ९.७६ किलोज्यूल प्रति मोल, द्रवणांक १६७.६ केल्विन, एन्ट्रॉपी सुमारे ५८.
सिस-२-ब्युटीन: एन्थाल्पी ७.३१, द्रवणांक १३४.३ केल्विन, एन्ट्रॉपी सुमारे ५४.
१-ब्युटीन: एन्थाल्पी ३.८५, द्रवणांक ८७.८ केल्विन, एन्ट्रॉपी सुमारे ४४.

पहिल्या दोन ओळी नीट पाहा. ट्रान्सची एन्थाल्पी सिसपेक्षा एक तृतीयांशाने जास्त आहे. एन्ट्रॉपीही थोडी जास्त आहे, म्हणजे ती द्रवणांक खाली ओढते आहे. तरी द्रवणांक ३३ अंश वर गेला, तो सगळा एन्थाल्पीच्या जोरावर. ट्रान्सचा स्फटिक खरोखर जास्त मजबूत आहे.

इथे एक प्रचलित स्पष्टीकरण दुरुस्त करायला हवे. "ट्रान्स जास्त सममित, म्हणून द्रवणांक जास्त" असे लिहिले जाते. सममितीचा द्रवणांकाशी संबंध आहेच. थॉमस कार्नेली यांनी १८८२ मध्ये तो नियम म्हणून मांडला. पण त्या नियमामागे दोन वेगळे रस्ते आहेत. पहिला एन्ट्रॉपीचा: रेणू फिरवून पुन्हा तसाच दिसण्याचे प्रकार जितके जास्त, तितकी त्याला स्फटिकात योग्य दिशेने बसण्याची शक्यता जास्त, वितळण्याची एन्ट्रॉपी कमी आणि द्रवणांक जास्त. या हिशेबात सिस आणि ट्रान्स-२-ब्युटीन बरोबरीत सुटतात. दोघांनाही १८० अंशांत फिरवले तरच ते पुन्हा तसेच दिसतात, म्हणजे दोघांची संख्या २. दुसरा रस्ता मांडणीचा. ट्रान्सला सममितीचे केंद्र आहे आणि त्याची साखळी सरळ, नागमोडी आहे. असे रेणू एकमेकांच्या खाचांत बसतात आणि थरावर थर चढतो. सिसचा रेणू इंग्रजी यू अक्षरासारखा वळलेला आहे. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बांधता येते, वाकड्यांच्या मोळीत पोकळ्या राहतात. द्रवात मात्र या वाकडेपणाने काही बिघडत नाही, कारण तिथे पक्की मांडणी मुळातच नसते. म्हणून द्रवरूपात ट्रान्सपेक्षा जास्त घनता असूनही तोच सिस स्फटिकात मागे पडतो.

१-ब्युटीन तर आणखी खाली आहे. त्याची एन्ट्रॉपी ट्रान्सच्या पाऊणपट, याने द्रवणांक वाढायला हवा होता. पण एन्थाल्पी ६० टक्क्यांनी घसरली. एका टोकाला दुहेरी बंध, दुसऱ्या टोकाला एकेरी बंधाभोवती फिरणारा इथिल गट, असा रेणू नीट रचायला कठीण जातो. घाईने थंड केले तर तो स्फटिक न होता काचेसारखा गोठतो. अशा द्रवाचा द्रवणांक मोजताना हीच अडचण येते: नमुना घट्ट झाला म्हणजे स्फटिक झाला असे नाही. काच झालेला नमुना तापवल्यावर तीक्ष्ण द्रवणांक दाखवत नाही, हळूहळू मऊ होत जातो. उपाय एकच. त्याला द्रवणांकाच्या थोडे खाली पुरेसा वेळ ठेवायचा, स्फटिक तयार होऊ द्यायचे आणि मगच सावकाश तापवायचे.

सममितीचा पहिला रस्ता बघायचा असेल तर इथीन आणि प्रोपीन घ्या. इथीन लहान असूनही −१६९.२ ला वितळते, प्रोपीन −१८५.२ ला. इथीनचा रेणू चार प्रकारे फिरवून तसाच दिसतो, प्रोपीनचा एकाच. २,३-डायमिथिल-२-ब्युटीनही चारच्या गटातले. त्याचा द्रवणांक −७४.३, तर १-हेक्झीनचा −१३९.८. तिथे दोन्ही रस्ते एकाच दिशेने जातात, म्हणून फरक ६५ अंशांचा. चक्रीय जोडीत उलट बाजू दिसते. सायक्लोहेक्झेन ६.५ °से ला वितळते. वलयात एक दुहेरी बंध घातला की चार कार्बन प्रतलात खेचले जातात, खुर्चीचा सममित आकार मोडतो आणि सायक्लोहेक्झीन −१०३.५ ला वितळते. उत्कलनांक मात्र ८०.७ वरून ८३ वर, म्हणजे जवळजवळ तिथेच. द्रवणांक ११० अंश पडला आणि उत्कलनांक दोन अंश वाढला, हे एक उदाहरण नीट समजले तर बाकीची पाठ करावी लागत नाहीत.

लांब साखळीत सिसचा वाकडेपणा सर्वांत स्पष्ट दिसतो. अठरा कार्बनचे स्टिअरिक आम्ल (दुहेरी बंध नाही) सुमारे ६९ °से ला वितळते. मध्यावर ट्रान्स बंध असलेले इलायडिक आम्ल सुमारे ४५ ला. त्याच जागी सिस बंध असलेले ओलेइक आम्ल १३ ते १६ ला, कारण त्याला दोन स्फटिकरूपे आहेत, १३.४ आणि १६.३. दोन सिस बंधांचे लिनोलेइक सुमारे −५ ला आणि तीनचे अल्फा-लिनोलेनिक सुमारे −११ ला. पहिल्या सिस बंधाने ५० अंशांहून जास्त घट केली, तिसऱ्याने जेमतेम सहा अंश. रचना एकदा मोडली की पुढच्या वाकांना मोडायला फारसे उरत नाही. कमी दाबाखाली उकळवून पाहिले तर स्टिअरिक, इलायडिक आणि ओलेइक यांचे उत्कलनांक काही अंशांच्या आतच असतात.

बहुवारिकांतही (पॉलिमरांतही) हेच. नैसर्गिक रबर म्हणजे सिस-पॉलिआयसोप्रीन, त्याचे स्फटिक ३० °से च्या आसपास वितळतात. गट्टापर्चा म्हणजे त्याचेच ट्रान्स रूप, ते ६० च्या वर जाते. म्हणून एक सामान्य तापमानाला लवचिक आणि दुसरे कडक.

मॅलेइक आणि फ्युमारिक: हाताने करून पाहण्याजोगी जोडी

वायुरूप ब्युटीनांवर द्रवणांक मोजणे साध्या प्रयोगशाळेत शक्य नाही. त्यासाठी मॅलेइक आम्ल (सिस) आणि फ्युमारिक आम्ल (ट्रान्स) ही जोडी उत्तम. मॅलेइकचा द्रवणांक १३० ते १३९ °से च्या दरम्यान मिळतो, फ्युमारिकचा बंद नळीत २८६-२८७ °से. दीडशे अंशांचा फरक केवळ आकाराचा नाही. मॅलेइकमध्ये दोन्ही कार्बॉक्सिल एकाच बाजूला असल्याने एक हायड्रोजन बंध रेणूच्या आतच खर्च होतो. फ्युमारिकमध्ये ते शक्य नसते, म्हणून सगळे हायड्रोजन बंध शेजाऱ्यांशी जुळतात आणि लांबच लांब साखळ्या तयार होतात. विद्राव्यतेतही तेच दिसते: २५ °से ला १०० मिलि पाण्यात मॅलेइक सुमारे ७९ ग्रॅम विरघळते, फ्युमारिक ०.६३ ग्रॅम.

एकातून दुसरे असे करतात. १० ग्रॅम मॅलेइक आम्ल १० मिलि कोमट पाण्यात विरघळवा, २० मिलि संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घाला आणि उभ्या संघनित्राखाली ३० मिनिटे हलके उकळत ठेवा. हे काम धूरकक्षातच, चष्मा आणि हातमोजे घालून करावे. फ्युमारिकचे स्फटिक गरम द्रावणातूनच पडू लागतात. थंड करून गाळा आणि सुमारे १ मोलर गरम हायड्रोक्लोरिक आम्लातून पुन्हा स्फटिकीकरण करा. उकळताना दणके बसतात, कारण घन पदार्थ तळाशी साचतो. उकळखडे सुरुवातीलाच टाकावेत, उकळत्या द्रावणात कधीच नाही. आम्ल इथे उत्प्रेरक आहे: ते तात्पुरते जोडले जाते, मधला बंध एकेरी होतो, फिरतो आणि ट्रान्स अवस्थेत पुन्हा दुहेरी बनतो.

द्रवणांक मोजताना दोन चुका नेहमीच्या. मॅलेइक सावकाश तापवत राहिले तर वितळण्याआधीच थोडे पाणी सोडून त्याचे अॅनहायड्राइड बनते, ज्याचा द्रवणांक ५३ च्या आसपास आहे. ही अशुद्धी स्वतःच तयार झालेली असते आणि द्रवणांक खाली खेचते. त्यामुळे आधी उपकरण १२० पर्यंत तापवा, मग नळी घाला आणि मिनिटाला २ अंशांनी चढा. फ्युमारिक उघड्या केशनलिकेत २०० च्या वर संप्लवन होऊन (न वितळता थेट वाफ होऊन) वरच्या थंड भागावर जमते, तळाशी वितळायला काही उरत नाही आणि विद्यार्थी "वितळलेच नाही" असे लिहितो. नलिकेची दोन्ही टोके ज्योतीवर बंद करा आणि धातूच्या ठोकळ्याचे उपकरण वापरा. तेलाचा बाथ या तापमानासाठी नाही, द्रव पॅराफिन तर मुळीच नाही.

एकच पदार्थ आणि दोन वेगळे द्रवणांक मिळाले तर लगेच अशुद्धीवर खापर फोडू नये. सिस-सिनॅमिक आम्लाची ४२, ५८ आणि ६८ °से ला वितळणारी तीन स्फटिकरूपे आहेत. ट्रान्स-सिनॅमिक १३३ ला वितळते.  अशुद्धी असेल तर तिचा हिशेब करता येतो. ट्रान्स-२-ब्युटीनमध्ये एक मोल टक्का परका पदार्थ गोठणांक साधारण ०.२४ अंशाने उतरवतो, शिवाय वितळण्याचा पट्टा रुंद होतो.

आकडे हातात आल्यावर

उत्कलनांकाची तुलना करताना दाब लिहिलेला नसेल तर आकडा टाकाऊ समजावा (इथले आकडे ७६० मिमी पाऱ्याच्या दाबाचे आहेत). सिस-२-ब्युटीनचा उत्कलनांक दाब १० मिमी पाऱ्याने घटला की सुमारे ०.३६ अंशाने उतरतो. ७६० ऐवजी ७०० मिमी असेल तर सव्वादोन अंश. सिस आणि ट्रान्समधला सगळा फरकच २.८ अंश आहे. एक आकडा समुद्रसपाटीचा आणि दुसरा उंच जागचा घेतला तर दोन्ही समघटक एकमेकांच्या जागी बसतील.

हाच २.८ अंशांचा फरक ऊर्ध्वपातनात किती महाग पडतो तेही पाहा. त्यातून सापेक्ष बाष्पशीलता (एक घटक दुसऱ्यापेक्षा किती पट सहज वाफेत जातो ते गुणोत्तर) साधारण १.११ निघते. दोन्ही बाजूंना ९९ टक्के शुद्धता हवी असेल, तर पूर्ण पुनर्वाहातही (सगळी वाफ थंड करून स्तंभात परत सोडली तरी) सुमारे ९० सैद्धांतिक थाळ्या (वाफ-द्रव समतोलाच्या पायऱ्या) लागतात. १,२-डायक्लोरोइथीनच्या १२.६ अंशांना सुमारे २२ पुरतात. आयसोब्युटीन आणि १-ब्युटीनमधल्या ०.६ अंशाच्या वाट्याला जायचेच नाही. उद्योगात तिथे मिथेनॉल आणि आम्लधर्मी रेझिन वापरून आयसोब्युटीनचे ईथर करतात, कारण दुहेरी बंधाच्या एकाच कार्बनवर दोन मिथिल असलेला हा समघटक सहज अभिक्रिया करतो आणि १-ब्युटीन मागे राहते. ईथर ५५ °से ला उकळते, मग वेगळे करणे सोपे.

वायू क्रोमॅटोग्राफीत (मिश्रण वायूबरोबर लांब स्तंभातून नेऊन घटक वेगळे करण्याची पद्धत) अध्रुवीय स्तंभावर ब्युटीने साधारण उत्कलनांकाच्या क्रमाने बाहेर येतात: आयसोब्युटीन आणि १-ब्युटीन जवळजवळ एकत्र, मग ट्रान्स, मग सिस. अॅल्युमिनाच्या स्तंभावर हा क्रम मोडतो, ट्रान्स सर्वांत आधी आणि सिस सर्वांत शेवटी येते, आणि मधली दोन वेगळी होतात. मेदाम्लांच्या मिथिल एस्टरांसाठी अति-ध्रुवीय सायनोप्रोपिल स्तंभ घेतात, कारण अध्रुवीय स्तंभावर ओलिएट आणि इलायडेट (ओलेइक आणि इलायडिक आम्लांची एस्टरे) एकमेकांना चिकटून येतात. वर म्हटलेच आहे की त्यांचे उत्कलनांक वेगळे नाहीत. सायनोप्रोपिलवर ट्रान्स आधी आणि सिस नंतर. आलेखातल्या शिखरांना नावे देण्याआधी शुद्ध नमुना त्याच स्तंभावर, त्याच तापमान-क्रमाने चालवून घ्यावा. उत्कलनांकाच्या तक्त्यावरून लावलेली नावे इथे हमखास अदलाबदल होतात.